मशीन झोपवलं होतं

मंगळवार, २ सप्टेंबर

डाव्या हातानं लिहितोय. एवढं एक वाक्य लिहायला दोन मिनिटं गेली.

संघटनेच्या बाई म्हणाल्या, रोज लिहीत जा. काय दुखलं, कोण काय बोललं, काय करता आलं नाही, सगळं लिहा, पुढे कामाला येईल. मी म्हटलं, बाई, लिहायचा हातच गेलाय. त्या म्हणाल्या, दुसरा आहे ना. बाई अशाच आहेत, चुकचुकत बसत नाहीत. मला बरं वाटलं. महिनाभर येईल तो चुकचुकतोय.

वही मुलीची आहे. ती तिसरीत आहे आणि तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. आज तिनं मला ओळीत कसं लिहायचं ते दाखवलं.

बुधवार, ३ सप्टेंबर

नऊ ऑगस्टला काय झालं ते एकदाच नीट लिहून टाकतो. बाईंनाही लागेल.

मी बागकाम करतो. आमची कंपनी मोठ्या कार्यालयांच्या बागा सांभाळते. आमच्या आवारात काचेच्या अकरा इमारती आहेत आणि प्रत्येकीपुढे हिरवळ. तिच्यावर कोणी बसत नाही, कोणी चालत नाही, पण गवत बोटभर वाढलं की साहेबांना वरून फोन येतो. साहेब म्हणजे कंपनीचे व्यवस्थापक. त्यांनी आयुष्यात एक काडी कापलेली नाही.

गवत कापायच्या मशीनला मुठीशी एक दांडी असते. ती मुठीबरोबर दाबून धरली की पातं फिरतं. सोडली की पातं थांबतं, इंजिन मात्र चालू राहतं. याला आम्ही मशीन झोपवणं म्हणतो. इंजिनसुद्धा बंद केलं तर ते मशीन मारणं. छापील नियमात लिहिलंय की आत हात घालायच्या आधी इंजिन बंद करा. लिहायला काय जातंय? पहाटे पाण्याचे फवारे चालतात, गवत ओलं असतं, दर वीस पावलांना गवत बाहेर पडायचं तोंड तुंबतं. दर वेळी मशीन मारायचं आणि पुन्हा दोरी ओढत बसायचं म्हटलं तर अकरा सोडा, दोन इमारतीही दुपारपर्यंत व्हायच्या नाहीत. आणि साहेबांना दुपारच्या आत सगळं आटोपून हवं, कारण जेवायला लोक बाहेर आले की आवाज नको. म्हणून सगळे झोपवतात. बारा वर्षांपूर्वी, पहिल्याच दिवशी, मला दादांनी तसंच शिकवलं.

दादा म्हणजे आमचे मुकादम. हिचे थोरले भाऊ. त्यांनीच मला कामाला लावलं.

त्या मशीनचं पातं जुलैपासून लगेच थांबत नव्हतं. दांडी सोडली तरी गरगरत राहायचं. मी दादांना तीन वेळा सांगितलं. तिन्ही वेळा ते म्हणाले, साहेबांच्या कानावर घातलंय.

त्या शनिवारी सातव्या इमारतीपुढे तोंड तुंबलं. मी मशीन झोपवलं, नेहमीसारखे पाच आकडे मोजले, वाकलो आणि हात घातला. इंजिनच्या आवाजात पात्याचा आवाज वेगळा कळत नाही. दुखलं नाही. आधी हातमोजा रिकामा दिसला.

अंगठ्याजवळची दोन बोटं गेली. अंगठा आहे पण त्याची शीर तुटली, तो वळत नाही. डॉक्टर म्हणतात, दुसरी शस्त्रक्रिया तीन महिन्यांच्या आत झाली तर वळेल. उशीर झाला तर शीर आखडते, मग काही उपयोग नाही. अंगठा आला तर कात्री धरता येईल. तीन महिने म्हणजे नऊ नोव्हेंबर.

हात दुखतोय. डावा.

सोमवार, ८ सप्टेंबर

कंपनीचं पत्र आलं. जसंच्या तसं उतरवतो.

‘सदर कामगाराने यंत्र चालू स्थितीत आडवे करून त्यात हात घातला, असे त्याच्या स्वतःच्या जबाबावरून स्पष्ट होते. अपघात सर्वस्वी त्याच्या निष्काळजीपणामुळे घडला असल्याने पुढील उपचारांची जबाबदारी कंपनीवर येत नाही. महिनाअखेरीस त्याची सेवा समाप्त करण्यात येत आहे.’

तळपायाची आग मस्तकात गेली. आडवं? चालू मशीन आडवं करायला मी काय वेडा आहे? आडवं केलं की पेट्रोल गळतं, इंजिनात तेल शिरतं, पातं तोंडासमोर येतं. नवखा माणूससुद्धा असलं करायचा नाही. आणि माझा जबाब? मी कधी दिला जबाब?

हिला विचारलं. ती म्हणाली, “अहो, दवाखान्यात दुसऱ्या दिवशी कंपनीचा कारकून आला होता. तुम्ही गुंगीत होतात. त्यानं विचारलं काय झालं, तुम्ही दोनदा म्हणालात, मशीन झोपवलं होतं, मी झोपवलं होतं. त्यानं लिहून घेतलं आणि तुमच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. मला वाटलं, दवाखान्याचाच कागद असेल.”

झोपवलं होतं. त्या कारट्यानं लिहिलं, आडवं केलं.

माझाच शब्द, माझाच अंगठा, आणि गुन्हेगारही मीच. हिच्यावर ओरडलो. कागद वाचल्याशिवाय ठसा देऊ कसा दिलास म्हणून. नंतर लक्षात आलं की त्या दिवशी तिनं रक्तानं भरलेले माझे कपडे मांडीवर धरले होते. तरीही ओरडलो ते ओरडलोच.

शनिवार, १३ सप्टेंबर

बाई घरी आल्या. पत्र दोनदा वाचलं. चहा घेतला नाही.

मला वाटत होतं त्या म्हणतील, साधी चूक आहे, दुरुस्त करून घेऊ. त्या म्हणाल्या, “चूक म्हणून बघू नका. सगळी केस या एका शब्दावर उभी आहे. आडवं केलं असेल तर तो तुमचा एकट्याचा मूर्खपणा. झोपवलं असेल, आणि ते तुम्हाला मुकादमांनी शिकवलं असेल, आणि साहेबांना ठाऊक असेल, तर ती कंपनीची कामाची पद्धत. मग बिघडलेलं पातं कंपनीच्या गळ्यात.”

“साहेबांना ठाऊक आहेच,” मी म्हटलं. “फोन आला की साहेब लांबून हात करून ओरडतात, झोपवा रे ते, बोलतोय मी. शंभर वेळा ऐकलंय.”

“शंभर वेळा ऐकलेला दुसरा कोणी साक्षीला येईल?”

आठ माणसांची आमची टोळी. मी एकेक चेहरा डोळ्यांसमोर आणला. प्रत्येकाच्या मागे घर आहे. शेवटी मी म्हटलं, दादा येतील. ते माझे मेहुणे आहेत. त्यांनीच तर शिकवलं.

बाई म्हणाल्या, “नातेवाईक आहेत हीच अडचण आहे. तुमच्या बाजूनं बोलले तर कंपनीचा वकील म्हणेल, दोघांनी घरी बसून ठरवलं. आणि मुळात शिकवलं म्हणून कबूल केलं तर त्यांच्या नोकरीचं काय?”

मला हे पटलं नाही. खरं ते खरं. त्यात घरी बसून ठरवायचं काय?

शुक्रवार, १९ सप्टेंबर

आवारात गेलो होतो. माझे बूट तिथल्या कपाटात राहिले होते. बूट हे निमित्त, ते मलाही माहीत आहे.

टोळीतले सगळे ‘कसं काय’ म्हणाले आणि लगेच कामाला लागले. एवढ्या तत्परतेनं ही मंडळी कामाला लागलेली मी बारा वर्षांत पाहिली नव्हती. कोणी माझ्या हाताकडे बघितलं नाही. मी मुद्दाम तो वर धरून उभा राहिलो, तरी नाही.

ज्या मशीननं माझी बोटं घेतली ते तिथं नव्हतं. त्या जागी नवंकोरं उभं होतं. जुलैत तीनदा मागितलं तेव्हा मिळालं नाही. दोन बोटं दिल्यावर मिळालं.

साहेब भेटले. खांद्यावर हात ठेवला. “विश्रांती घ्या,” म्हणाले. “मनाला लावून घेऊ नका.” मी विचारलं, साहेब, झोपवणं म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे ना? ते म्हणाले, “हे बघा, मी काही तांत्रिक माणूस नाही.” आणि हसले. तेवढ्यात त्यांना फोन आला. पलीकडे नवं मशीन चालू होतं. साहेबांनी हात वर केला, तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं, तोंड मिटलं आणि फोन घेऊन आत निघून गेले.

दादा कुंपणाच्या कडेला उभे होते. मला बघून झाडांच्या मागे गेले. मी बघितलं.

शनिवार, २७ सप्टेंबर

आपल्या भाषेत हाताशिवाय काही होत नाही असं दिसतंय. बाई म्हणाल्या, आता त्यांनी हात वर केले तरी आपण हातपाय गाळायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, वेळ हातची घालवू नका. शेजारचे काका म्हणाले, हातावर हात ठेवून बसू नका. मी म्हटलं, काका, एका हातावर एक कसा ठेवायचा तेवढं दाखवा. त्यांचा चेहरा पडला. ही आतून म्हणाली, “म्हाताऱ्या माणसाला कशाला बोलता?” मीच बोललो आणि मलाच वाईट वाटलं. पण राग काही गेला नाही. राग सकाळी माझ्या आधी उठतो.

सदऱ्याची बटणं अजून लागत नाहीत. भाकरीचा तुकडा मोडता येतो. मुलीची वेणी घालता येत नाही. ही सगळी बाईंसाठी नोंद.

शनिवार, ४ ऑक्टोबर

न्हाणीघरातला नळ बदललाय. आधीचा गोल, घट्ट, डाव्या हातानं फिरेना. आता लांब मुठीचा बसवलाय, कोपरानं ढकलला तरी उघडतो. दाराची कडीही बदललीय. मी डॉक्टरांकडे गेलो होतो तेवढ्यात कोणीतरी येऊन करून गेलं. हिला विचारलं, तर म्हणाली, “केलं कोणीतरी.” म्हणजे घरमालकानं. एवढी माणुसकी त्याच्यात असेल असं वाटलं नव्हतं. संध्याकाळी आभार मानतो.

दादा अजून आलेले नाहीत. दोन महिने होत आले. रस्ता ओलांडून चौथ्या गल्लीत राहतात. बहिणीच्या नवऱ्याची बोटं गेली आणि माणूस चार गल्ल्या चालत येत नाही. ही मात्र आठवड्यातून दोनदा माहेरी गेल्यासारखी तिकडे जाते आणि येताना डोळे लाल करून येते. मी काही विचारत नाही. बहीण-भावाचं त्यांचं ते बघून घेतील.

रात्री. घरमालकाचे आभार मानून आलो. तो म्हणाला, “कुठला नळ?” मोठेपणा घ्यायचा नसेल त्याला.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

कामगार कार्यालयातली सुनावणी पुढच्या बुधवारी आहे. साक्षीदारांची यादी बाईंनी दाखवली. कंपनीच्या बाजूला पहिलं नाव साहेबांचं. दुसरं मुकादमाचं.

कंपनीच्या बाजूला. मी तसाच उठून त्यांच्या घरी गेलो.

दादा ओट्यावर कात्री घासत बसले होते. मला बघून उठले, खुर्ची पुढे केली. मी बसलो नाही.

“बसा जावईबापू.”

“तुम्ही त्यांच्या बाजूनं साक्ष देणार?”

“त्यांनी बोलावलंय. जावं लागेल.”

“आणि सांगणार काय?”

“विचारतील त्याचं उत्तर देणार.”

“मला सरळ सांगा, झोपवणं म्हणजे काय हे विचारलं तर काय सांगणार?”

त्यांनी कात्री पुन्हा घासायला घेतली. मग म्हणाले, “अंगठ्याची तारीख कधीपर्यंत आहे?”

“तुम्हाला काय करायचंय?”

“विचारतोय.”

“नऊ नोव्हेंबर. डॉक्टर म्हणतात सातला करू. पण तुम्ही त्यांच्या बाजूनं बोललात की प्रश्नच मिटला, कसला अंगठा आणि कसलं काय.”

त्यांनी मान हलवली, जसं काही मी भाजीचा भाव सांगितला. “तुम्ही तुमच्यापुरतं खरं सांगा,” म्हणाले. “माझं काय ते सोडा. आणि सुनावणी होईपर्यंत इकडे येऊ नका. कोणी बघेल.”

कोणी बघेल. म्हणजे माझ्याशी बोलताना दिसले तर साहेब रागावतील. मी जे तोंडाला येईल ते बोललो. दोन वर्षं राहिलीत ना तुमच्या नोकरीची, तेवढ्यासाठी बहिणीचा संसार विकलात, असंही बोललो. वहिनी आत होत्या. बाहेर आल्या नाहीत, पण भांडी अशी आपटली की कळावं, मी बोललेलं त्यांना आवडलं नाही. खाल्ल्या मिठाला जागणारं घर आहे ते, फक्त मीठ कंपनीचं.

घरी येऊन हिला सांगितलं, तुझ्या भावाचं तोंड बघणार नाही. ती म्हणाली, “बरं.” नुसतं बरं. एवढ्या थंडपणे बरं म्हणणारी बायको मी नव्यानंच बघतोय.

रविवार, १२ ऑक्टोबर

मुकादमानं घाबरायचं काय कारण होतं? त्याच्या मुलींची लग्नं राहिली नाहीत, घर बांधायचं राहिलं नाही. एकवीस वर्षं साहेब बदलत गेले आणि हा प्रत्येकासमोर मान खाली घालत आला. मला कामाला लावलं तेव्हा मोठ्या तोऱ्यात म्हणाला होता, माझ्या टोळीत माणसाला खरचटलं तर मला विचारा. आता विचारतोय तर कात्री घासतो.

बाईंना म्हटलं, उलटतपासणीत त्याला सोडू नका. त्या म्हणाल्या, “मला फक्त एक प्रश्न विचारायचाय त्यांना.” कोणता ते सांगितलं नाही.

बुधवार, १५ ऑक्टोबर

झालं. सगळं लिहितो, हात भरून आला तरी.

खोली लहान. अधिकारी मधे, टाइप करणारी मुलगी कोपऱ्यात, एका बाकावर आम्ही, दुसऱ्यावर ते. साहेब नव्या बुटांत. मुकादम धुतलेल्या कपड्यांत, हात मांडीवर, नजर जमिनीवर.

आधी मी. मी झालं तसं सांगितलं. कंपनीच्या वकिलानं जबाबाचा कागद माझ्यापुढे धरला आणि विचारलं, हा ठसा तुमचा? माझा. मग हे तुमचं म्हणणं नाही? मी म्हटलं, मी झोपवलं म्हणालो, आडवं म्हणालो नाही. तो हसून अधिकाऱ्यांकडे बघत म्हणाला, झोपवणं आणि आडवं करणं यात फरक काय तो भाषेच्या मास्तरांना विचारावा लागेल.

मग साहेब. “झोपवलं म्हणजे आडवं केलं असंच कोणालाही वाटेल,” साहेब म्हणाले. “असा काही वेगळा शब्द आमच्या कामात आहे, असं माझ्या तरी ऐकण्यात नाही.” इतक्या शांतपणे बोलले. मी उठलोच होतो, बाईंनी बाहीला धरून बसवलं.

मग मुकादम. वकिलानं विचारलं, चालू यंत्र आडवं करून हात घालायला तुम्ही शिकवता का? “नाही.” असं करणं धोक्याचं आहे? “हो.” कंपनीच्या नियमाविरुद्ध आहे? “हो.” बस, म्हणाला वकील. दोन मिनिटांत माझा अंगठा संपला. बारा वर्षं ज्याच्या हाताखाली राबलो त्याच्याकडे बघितलं, तर तो आमच्या बाईंकडे बघत होता.

बाई उठल्या. म्हणाल्या, “मुकादम, ओल्या गवतानं तोंड तुंबलं तर तुम्ही काय शिकवता?”

“आधी झोपवायचं,” मुकादम म्हणाला.

आणि थांबला. जिभेनं दगा दिला त्याला. एकवीस वर्षांची सवय, दुसरा शब्द येणार कुठून?

अधिकारी म्हणाले, “म्हणजे आडवं करायचं?”

“नाही साहेब. आडवं केलं तर पेट्रोल गळेल. झोपवायचं म्हणजे दांडी सोडायची. पातं थांबतं, इंजिन चालू राहतं.”

टाइप करणाऱ्या मुलीचा हात अडला होता. तिनं विचारलंही नव्हतं, तरी मुकादमानं तिच्याकडे वळून सगळं पुन्हा सांगितलं, एकेक शब्द सुटा करून. घाबरला की माणूस असाच सावकाश बोलतो. मग बाईंनी सोडलाच नाही. कोणी शिकवलं? “मी. सगळ्यांना मीच शिकवलं.” साहेबांना ठाऊक आहे? “फोन आला की साहेबच ओरडतात, झोपवा रे ते.” त्या मशीनचं पातं थांबत होतं का? “नव्हतं. यांनी मला तीनदा सांगितलं. मी साहेबांना तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा साहेब म्हणाले, हंगाम संपू दे.”

कंपनीचा वकील उठून म्हणाला, साक्षीदार यांचा नातेवाईक आहे. बाई म्हणाल्या, साक्षीदार तुम्ही आणलाय.

साहेबांचा रंग उडालेला मी बघितला. देवाशप्पथ, महिनाभर पुरेल एवढं सुख झालं.

बाहेर जिन्यात मुकादम एकटा उभा होता. कंपनीच्या गाडीतून आला होता, गाडी त्याला न घेताच गेली. माझ्याकडे बघून म्हणाला, “दुखतंय का अजून?”

मी म्हटलं, “जीभ सांभाळायला शिका. या वयात घसरायला लागली.”

तो म्हणाला, “हो, शिकायला पाहिजे,” आणि जिना उतरून गेला.

गुरुवार, १६ ऑक्टोबर

काल फार लिहिलं, आज मनगट सुजलंय. ही सकाळपासून बोलत नाही. मी जिंकत आलो तर हिचं तोंड का उतरावं? भाऊ तोंडघशी पडला म्हणून असेल. रक्त शेवटी तिकडेच ओढतं.

सोमवार, ३ नोव्हेंबर

निकाल आला. बाईंनी फोनवर वाचून दाखवला, मग मी कागद आणायला स्वतः गेलो. अपघात कामाच्या रूढ पद्धतीमुळे आणि नादुरुस्त यंत्रामुळे घडला. कामगाराचा निष्काळजीपणा सिद्ध होत नाही. शस्त्रक्रिया कंपनीच्या जबाबदारीवर तातडीनं करावी. सेवेतून कमी केल्याचा आदेश रद्द, झेपेल असं हलकं काम द्यावं.

शुक्रवारी सातला शस्त्रक्रिया ठरली. मुलीनं ‘निष्काळजीपणा सिद्ध होत नाही’ हे वाक्य मोठ्यानं वाचलं. जोडाक्षरं अडली, पण वाचलं. मी तिला परत वाचायला लावलं.

बाईंनी आणखी एक बातमी सांगितली. मुकादमाला काढलं. नियमाविरुद्ध काम शिकवलं म्हणून. साहेब आपल्या जागेवर आहेत, त्यांना नुसती समज. बाई त्याची केस घ्यायला तयार आहेत, पण म्हणाल्या, ही अवघड आहे, शिकवलं म्हणून त्यांनी स्वतःच साक्षीत सांगितलंय. मी म्हटलं, बरं झालं. ज्या कंपनीसाठी माझा गळा कापायला निघाला होता तिनंच लाथ मारली. बाई म्हणाल्या, “तुम्ही लिहिता ते कधी परत वाचता का?”

मला अर्थ लागला नाही.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

संध्याकाळी ही कपड्यांच्या घड्या घालत होती. मी निकालाचा कागद पुन्हा काढून बसलो होतो आणि मुकादमाबद्दल काहीतरी बोललो. काय ते लिहीत नाही.

तिनं हातातला टॉवेल खाली ठेवला. म्हणाली, “दादानं आवारातलं कपाट मंगळवारीच रिकामं केलं होतं.”

“कोणत्या मंगळवारी?”

“सुनावणीच्या आदल्या दिवशी. बूट, कानातले बोळे, पाण्याची बाटली, सगळं पिशवीत घालून घरी आला. वहिनीनं विचारलं तर म्हणाला, उद्यापासून लागणार नाही.”

“काहीतरीच. त्याला कुठे माहीत होतं की बाई काय विचारणार?”

“बाईंनी काय विचारायचं ते त्यानंच सांगितलं होतं. माझ्याकडून निरोप धाडला होता.”

मी म्हटलं, मग मला का नाही सांगितलं? दोन महिने मी त्याला शिव्या घालतोय आणि तू ऐकत बसलीस?

“त्यानं शपथ घातली होती. म्हणाला, जावईबापूंच्या पोटात काही राहत नाही. त्यांना कळलं तर त्यांच्या चेहऱ्यावर दिसेल, आणि साहेब मला साक्षीला नेणारच नाहीत. मला शिव्या घालू दे, तेच बरं दिसेल.” तिनं टॉवेल उचलला. “आणि नळ घरमालकानं नाही बसवला.”

मी ओरडायला तोंड उघडलं. कोणावर ओरडायचं ते कळेना. हिच्यावर, त्यांच्यावर, बाईंवर, सगळ्यांनी मिळून मला लहान मुलासारखं वागवलं म्हणून? आणि त्यांचा अंदाज खरा होता, याचा सगळ्यात जास्त राग आला. मला सांगितलं असतं तर मी पहिल्याच दिवशी आवारात जाऊन साहेबांच्या तोंडावर बोलून आलो असतो.

सदरा घातला. बटणं ही लावायला आली, लावू दिली नाहीत. डाव्या हातानं पाच बटणं लावली, घाम आला. चप्पल घातली, दारापर्यंत गेलो. कडी उघडली. काय म्हणायचं ते जुळवत तिथंच उभा राहिलो. एकही वाक्य पुरं होईना.

परत येऊन हे लिहितोय. उद्या जाईन. दादा घरीच असतील. आता रोज घरीच असतात.